नेरिदा कापोतेचं हस्तलिखित

त्र्याण्णव साली काबाइग्वान या तंबाखूच्या गावात कुजबुज होती, की सिगारच्या कारखान्यात कामगारांना वाचून दाखवणाऱ्या नेरिदा कापोतेकडे एक हस्तलिखित आहे. पदावरून उतरवलेल्या कुणा मंत्र्याने मरताना ते तिच्या हवाली केलं. क्रांतीच्या सरकारने काय काय करायचं ठरवलं होतं आणि मग कसं बदललं, ते सगळं त्यात आहे म्हणे. पुढे कुजबुजीला शेपूट फुटलं: कारखान्यातला पक्षचिटणीस आर्हेलिओ पेंतोन याने ते जप्त केलं, पण वर काही पाठवलं नाही, दार लावून स्वतःच वाचत बसतो. पावाच्या रांगेत एखाद्याला पाव मिळायचा नाही, पण ही बातमी हमखास मिळायची.

नेरिदा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. सव्वीस वर्षं ती कारखान्यातल्या लाकडी चौथऱ्यावरून वाचत आली होती, सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी. खाली ऐंशी माणसं तंबाखूची पानं वळत ऐकायची. वाचन आवडलं की चपट्या सुऱ्या पाटावर टकटक वाजायच्या. नाही आवडलं तर सुरी जमिनीवर टाकायची रीत. नेरिदाच्या कारकिर्दीत सुरी दोनदाच खाली पडली, आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्या कासिल्दाच्या संधिवातामुळे, असं नेरिदाचं म्हणणं.

मार्चमध्ये शेजारणीची कोंबडी नेरिदाच्या चष्म्यावर बसली. त्या वर्षी कोंबडी नाही असं घर नव्हतं आणि चष्म्याची काच आहे असं दुकान नव्हतं.

"काचा येणार आहेत," दुकानदार म्हणाला.

"कधी?"

"येणार आहेत म्हटलं ना, बाई. यादीत तुमचा नंबर एकेचाळीस."

चष्म्यावाचून तिला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आणि वाचता न येणाऱ्या वाचकाला कारखाना ठेवून घेत नसे. पानांच्या शिरा काढायच्या खोलीत धाडत असे. तिथे धूळ इतकी, की तोंडाला फडकं बांधून मुकाट बसावं लागे. नेरिदाला फडकं चाललं असतं. मुकाट बसणं कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्र नाकासमोर धरलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. बटाट्याचं उद्दिष्ट एकशे बारा टक्के पूर्ण. मित्रदेशाच्या शिष्टमंडळाचं भव्य स्वागत. वीजकपातीला जनतेचा उत्साही पाठिंबा. कुणाला पत्ता लागला नाही. संध्याकाळी कासिल्दाच्या नवऱ्याने खरा अंक वाचला. फरक एवढाच, की छापलेल्यात बटाट्याऐवजी रताळी होती.

कादंबरी मात्र अशी निभत नाही. म्हणून तिने घरातलं शिवणयंत्राचं माहितीपुस्तक जाड खाकी कागदात गुंडाळून आणलं आणि म्हणाली, "आजपासून नवं पुस्तक. असं झालं असतं तर."

पहिल्या दिवशी एक कोटी टन उसाच्या साखरेचं लक्ष्य पुरं झालं असतं तर काय, ते निघालं. साखर इतकी, की रेशनवर तेलाऐवजी साखर, साबणाऐवजी साखर, डॉक्टरच्या चिठ्ठीवरही साखरच. शेवटी मुंग्यांनी बहुमताच्या जोरावर विधानसभेत जागा मागितल्या. सुऱ्या पाच मिनिटं वाजत होत्या.

मग एके दिवशीच्या वाचनात क्रांतीने पहिलाच हुकूम काढला, की मंत्र्यांनी पावाच्या रांगेत उभं राहायचं. आठवड्यात रांग नाहीशी झाली. पाव वाढला नव्हता. मंत्र्यांची रांग वेगळी झाली होती.

"अगं नेरिदा," कासिल्दा खालून म्हणाली, "दोन तास झाले, तू पान उलटलं नाहीस."

"क्रांतीचं पान आहे, कासिल्दा. चटकन उलटत नाही."

"आणि मंत्र्यांच्या रांगेत कॉफी कसली ग मिळायची? आपल्यासारखीच वाटाणे घातलेली?"

"तिथे वाटाण्यात कॉफी घालायचे म्हणून ते वेगळे."

जूनमध्ये उत्तरेच्या शेजाऱ्याने नाकेबंदी केलीच नसती तर काय, हे निघालं. सरकार पार हवालदिल. वीज गेली तर बोट कुणाकडे दाखवायचं? तेव्हा शत्रूमंत्रालय स्थापन झालं आणि भाड्याने शत्रू मिळवायला तीन देशांत माणसं गेली. इथवर आलं आणि सुऱ्या थांबल्या. दारात आर्हेलिओ पेंतोन उभा होता.

"कॉम्रेड नेरिदा, ते पुस्तक बघू."

तिने ते चौथऱ्यावरून खाली दिलं. त्याने पुस्तक उघडलं. लांब धरलं, जवळ धरलं, कपाळाला आठ्या घातल्या. मग सुई, दोरा आणि चाकांच्या आकृतीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"न झालेल्या सरकारची रचना, कॉम्रेड. दोरा वरून निघतो आणि सगळ्या खात्यांतून फिरतो."

"हं. आणि हे टोकदार?"

"ती जनता. सगळा भार तिच्यावर येतो."

आर्हेलिओ बराच वेळ पाहत राहिला. "विचार गुंतागुंतीचा आहे," तो म्हणाला. "अभ्यास करावा लागेल. हे माझ्याकडे राहू द्या."

"आणि दुपारी काय वाचू?"

"आठवतंय तेवढं सांगत राहा. बंदी घालायची तर आधी अहवाल हवा, आणि अहवालात पान नंबर लागतो."

नेरिदा पुढचे पाच महिने सांगत राहिली. त्याच्या दाराची कडी वाजली की ती वाक्य अर्धवट सोडून तिकडे बघे. आज शिरा काढायच्या खोलीची चिठ्ठी येणार, असं रोज वाटे. चिठ्ठी आली नाही. गावात मात्र कुणी म्हणे चिटणीस आतून फितूर आहे, कुणी म्हणे त्या मेलेल्या मंत्र्याचा भाचा आहे. कासिल्दा तर शपथेवर सांगे, की पुस्तक वाचताना तो रडतो.

नोव्हेंबरात काचा आल्या. नेरिदा दुकानात गेली तेव्हा बाकावर आर्हेलिओ पेंतोन टोपी मांडीवर ठेवून बसला होता. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. दुकानदाराने यादी वाचली.

हस्तलिखित कधी नव्हतंच. चिटणिसाच्या खणात शिवणयंत्राचं माहितीपुस्तक होतं, आणि त्याने ते वर पाठवलं नाही कारण त्याला ते वाचता आलं नव्हतं. त्याचा चष्मा फेब्रुवारीतच फुटला होता. यादीत त्याचा नंबर चाळीस होता.