रांजणातले किडे

आज रांजणावरचं झाकण काढलं आणि अंगावर काटा आला. दोऱ्यासारखे पांढरे किडे उजेड पडताच वळवळत तळाशी गेले. वरचं पाणी निर्मळ दिसू लागलं. तेच आम्ही रोज पीत होतो! सगळं ओतून द्यायला मी रांजणाच्या काठाला हात घातला.

मुलगी म्हणाली, "आई, त्यांना डोळे नसतात. उजेड अंगालाच कळतो."

"फडक्यानं गाळून घे," सासूबाई म्हणाल्या. "टँकर सोमवारी येणार. ओतून द्यायला पाणी काय माहेराहून आणलंस?"

मी मान खाली घालून आत वळले. मीही अशीच. कुणी नुसतं रोखून बघितलं तरी तळ गाठते. किड्यांपेक्षा माझीच मला किळस आली.

मुलीनं पाण्यात तांब्या बुडवला. मी तो हिसकावला आणि सासूबाईंच्या देखत रांजण आडवा केला.