खांबाचा गंज

तो दिवस आठवला की अजूनही माझं लक्ष उजव्या तळव्याकडे जातं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ही खोड काही गेली नाही.

विश्रांतवाडीतली पाच मजली इमारत. दोघेजण गच्चीवर बिनतारी इंटरनेटची डिश बसवायला गेले होते. विदर्भातून पुण्यात आलेले सख्खे मेहुणे-दाजी. दाजी पंचेचाळिशीचा, मेहुणा तिशीतला. सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात फोन आला, समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांचा. एकाने दुसऱ्याला काठी मारून गच्चीवरून खाली पाडलं, म्हणाले. ठाणे अंमलदाराने दोनदा खात्री करून घेतली, तेव्हा त्यांनी सुनावलं, "अहो, मी चष्मा लावून पाहिलंय. येताय, की रीतसर अर्ज करू?"

आम्ही पोहोचलो तेव्हा मेहुण्याला रुग्णालयात नेलं होतं. कमरेला सुरक्षा पट्टा होता, त्याचा दोर पाण्याच्या टाकीच्या काँक्रीटच्या पायाला बांधलेला. त्यामुळे तो जमिनीवर न पडता कठड्याबाहेर लटकला, पण भिंतीवर डोकं आपटून बेशुद्ध झाला. दाजीने आणि वॉचमनने त्याला वर ओढून घेतलं होतं. दाजी कोपऱ्यात बसून होता, पळाला नव्हता.

त्याला जीपने ठाण्यात पाठवलं आणि मी पंचनामा लिहून घेऊ लागलो. कठड्याला लागून गंजलेला लोखंडी खांब, त्यावर अर्धवट बसवलेली डिश. खांबाला हात टेकवून मी हवालदाराला मजकूर सांगत होतो. खांबापाशी पहार, हातोडी, नट आवळायचे पाने. कपडे वाळत घालायची बांबूची काठीही तिथंच पडलेली. ती एरवी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला असते, असं वॉचमन म्हणाला. सगळं लिहून घेतलं. त्यातलं काय वाचायचं, ते मात्र त्या वेळी कळलं नाही.

ठाण्यात दाजीने माझ्याकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "खांबाले हात लावला का जी, साहेब? कोणाले लावू देऊ नका." मला वाटलं, याला ठशांची भीती आहे. हवालदारालाही तेच वाटलं. पक्का आहे गडी, म्हणाला.

त्यातून चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. झालं, कारणही मिळालं. चौकशीत दाजी एकच वाक्य बोलला, "मीच मारलं जी त्याले." कबुली मिळाल्यावर ठाण्यात हायसं वाटतं, खोटं कशाला सांगू. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवायची तयारी सुरू झाली.

दुपारी त्याची बायको आली. भाऊ रुग्णालयात, नवरा आमच्या बाकावर. ती रडली नाही. पदराचं टोक मुठीत धरून इतकंच म्हणाली, "साहेब, त्या दोघांतला एक तरी घरी येईल का?"  नवऱ्याने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली नाही.

तिला बसवून मी पंचनामा पुन्हा उघडला, आणि त्यातल्या गच्चीच्या नकाशापाशी अडकलो. पहार खांबाच्या पायाशी, काठी वीस पावलांवरून आणलेली. रागाने मारणारा माणूस हाताशी येईल ते उचलतो. पायाशी पडलेली पहार ओलांडून वीस पावलं पळत जाऊन काठी कोण आणतं?

मी त्याला तेवढंच विचारलं.  तो म्हणाला, "लोखंड घेतलं असतं तर दोघंही गेलो असतो जी."

आणि मग सगळं सांगितलं. भांडण पट्ट्यावरून झालं होतं. दोघांत पट्टा एकच, आणि मेहुणा तो घालायला तयार नव्हता. याने त्याला जबरदस्तीने घातला, दोर स्वतः बांधला. इमारतीचा मेन स्विच बंद केला की पाणी बंद होतं, लोक ओरडतात, म्हणून या कामातले बहुतेकजण खांबाला टेस्टर लावून बघतात आणि चढतात. यानेही टेस्टर लावला. दिवा लागला नाही. "चढ," म्हणाला. तेवढ्यात खाली कुणीतरी नळ सोडला आणि गच्चीवरचा पंप आपोआप सुरू झाला. पंपाची वायर त्याच खांबाला बांधलेली, आतून घासली गेलेली. खांबात वीज उतरली आणि मेहुणा खांबाला चिकटला. हात लावला तर आपणही चिकटणार, हे याला ठाऊक होतं. पळत जाऊन वाळकी काठी आणली, पट्ट्याची कडी लागली आहे ना ते एकदा पाहिलं आणि मनगटावर मारून त्याला सोडवलं. रुग्णालयाने कळवलेले मेहुण्याच्या तळव्यांवरचे चट्टे विजेचे होते, आम्ही ते दोराचे समजलो होतो.

"चढ मीच म्हटलं," तो म्हणाला. "म्हणून मीच मारलं."

विद्युत निरीक्षकाला घेऊन मी पुन्हा गच्चीवर गेलो. खांब तपासला, काही नाही. खालचा नळ सोडायला लावला. पंप गुरगुरला आणि टेस्टरचा दिवा लागला.  पळत वीस पावलं जाऊन यायला किती वेळ लागतो? तेवढ्यात या माणसाने वीज, लोखंड, बांबू, पट्ट्याची कडी, सगळ्याचा विचार केला होता. नोकरीत धाडसी माणसं पुष्कळ पाहिली. असं डोकं पाहिलं नव्हतं.

चष्मेवाल्या गृहस्थांनी पाहिलं ते खरं होतं. टेस्टरने दाखवलं तेही त्या क्षणापुरतं खरंच होतं. त्या दिवसापासून घरच्या पंख्यासाठीही मी आधी मेन स्विच बंद करायला लावतो, आणि नोकरीत होतो तोवर साक्षीदाराचा जबाबही त्या क्षणापुरताच खरा धरला.

संध्याकाळी रुग्णालयातून निरोप आला, मेहुणा शुद्धीवर आला. दाजी तेव्हा पहिल्यांदा रडला. बायकोने त्याचा दंड धरला आणि दोघं निघाले. दारापाशी मी त्याला थांबवलं. खांबाबद्दल तू मला येताक्षणीच का विचारलंस, म्हटलं.

तो संकोचला. "तुमच्या तळव्याले गंज लागला होता जी, साहेब. तुम्ही हात लावला तेव्हा पंप बंद असंल, म्हणून तुम्ही परत आले."