कुलपांपुढचं गोधन

धुक्याचं कौतुक ज्याला करायचं असेल त्यानं गोधडीत बसून करावं. माझा धंदा दुधाचा. पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे, कुरुंद्याच्या आसपासच्या वस्त्या-तांडे फिरायचे आणि ऊन वर यायच्या आत दूध डेअरीत घालायचं. दिवाळीच्या दिवसांत धुकं उतरलं की चष्मा घातला तरी दिसत नाही आणि काढला तरी दिसत नाही. तुरीच्या कडेनं गेलं की पँट गुडघ्यापर्यंत भिजते. कुत्री दिसायच्या आधी पोटरीला येऊन भिडतात. सुख एकच. नुकतं काढलेलं दूध ओतलं की कॅन कोमट होतो आणि त्याला पाय टेकवून गाडी चालवता येते.

फेरीतला शेवटचा थांबा म्हणजे रुख्मिणीबाईचा तांडा. तांडा तसा नायकाचा, म्हणजे तिथल्या म्होरक्याचा म्हणायला हवा, पण दिवाळी झाली की तो तिचाच. माणसं ऊसतोडीला निघाली की घराला कुलूप लावतात आणि किल्ली रुख्मिणीबाईकडे देऊन जातात. कोणाची शेळी, कोणाची कोंबडी, कोणाच्या दारातली तुळस, सगळं तिच्या गळ्यात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा प्रेमदास बायको-लेकरांसकट टोळीत जातो. ही म्हातारी वेगळ्या खोपटात राहते; ती आणि तिची एक तांबडी गाय मागे उरतात. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असतो, त्यामुळे धुक्यात ती दिसायच्या आधी ऐकू येते.

तोंडानं तिखट. मी दूध मोजायला लागलो की म्हणणार, "देविदासा, पानी घालायचंच असंल तर आमच्या आडाचं घाल. गोड हाय." एवढं म्हणून काळा चहा पुढे ठेवणार. मी रोज ठरवायचो की आज चहाला थांबायचं नाही, आणि रोज थांबायचो. अख्ख्या फेरीत मला बस म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं, हे खरं कारण.

त्या दिवशी, अमावास्येच्या दुसऱ्या सकाळी, तांड्यात शिरलो आणि पुढचं चाक कशावर तरी चढून घसरलं. कॅन वाचले, मी वाचलो. खाली पाहिलं तर शेण. शिवी तोंडात आलीच होती, तेवढ्यात किल्ल्या वाजल्या.

"डोळे डेअरीत इकले का रे तुझे?" रुख्मिणीबाई समोर उभी. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. "गोधन मोडलंस की माझं."

वाकून बघितलं. खरंच, दिवाळीला दारापुढे पुजतात ते शेणाचं नीट थापलेलं गोधन होतं, आणि त्याच्यावरून माझं टायर गेलं होतं. पण ते होतं कुलूप लावलेल्या घरापुढे. शेजारचं घर बंद, त्याच्याही पुढे गोधन. जितकं धुक्यातून दिसलं तितक्या सगळ्या बंद दारांपुढे तिनं गोधनं मांडून ठेवली होती. रात्र सरायच्या आधीपासून करत असणार.

"घरात माणूस न्हाई अन् हे कोणासाठी?" मी विचारलं.

"दिपा येनार हाय."

दिपा म्हणजे प्रेमदासची थोरली. तिला मी परकरात पाहिलेली. आता तिचं लग्न ठरलं होतं, हंगाम संपला की बार उडणार होता. त्यांच्यात दिवाळीचा सण हा पोरींचा. अमावास्येच्या रात्री तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी दिवे घेऊन घरोघर जातात आणि थोरामोठ्यांना ओवाळतात, त्याला मेरा म्हणतात. सकाळी त्याच पोरी गाणी म्हणत रानात जातात, फुलं आणतात आणि प्रत्येक दारातल्या गोधनावर खोवतात. हे काम तांड्याच्या लेकींचंच, सुनांचं नाही. आणि जिचं लग्न ठरलेलं असतं ती पोर त्या दिवशी रडते, कारण पुढच्या दिवाळीला ती दुसऱ्या तांड्याची सून असते. तिला पुन्हा कुठंच मेरा नाही आणि फुलंही नाहीत.

दरवर्षी गाड्या दिवाळी करून निघायच्या. यंदा कारखाना लवकर पेटला आणि मुकादमानं दिवाळीआधीच माणसं भरली. इतर घरांतल्या बारक्या पोरी म्हाताऱ्यांजवळ ठेवायचे, त्याही यंदा नेल्या. राहिले दोन-चार म्हातारे, ते गोधडीतून डोकं काढायला तयार नव्हते. पण दिपानं जाताना आजीला शब्द दिला होता, काही झालं तरी दिवाळीला येते म्हणून.

"राती यायला पाहिजे होती," रुख्मिणीबाई म्हणाली. "मी बसून राहिले. दिवा घेऊन कोनीच आलं न्हाई. आता पहिल्या गाडीनं येईल. मला फाट्यावर सोड. धुक्यात डायवरला पोरगी दिसायची न्हाई, तो पुढं नेऊन उतरवील."

दूध होतं, उशीर होत होता, पण मोडलेलं गोधन माझ्या टायरला चिकटलेलं होतं. तिला मागे बसवलं. म्हातारीचं वजन ते किती, कॅनच जड. फाट्यापर्यंत ती एका हातानं माझा खांदा आणि दुसऱ्यानं किल्ल्या धरून होती. तुरीच्या फुलांचा ओला वास येत होता. एरवी त्या वासानं मला बरं वाटतं. त्या दिवशी माझं लक्ष घड्याळाकडे.

वसमतकडून येणारी गाडी आधी ऐकू आली, मग तिचे दिवे, मग ती. रुख्मिणीबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून तिची आई-माई काढली. ती म्हणाली, "पोरगी उतरू दे आधी, मग बोल." दार उघडलं. कंडक्टर उतरला, इकडं तिकडं बघितलं. म्हणाला, "इथं उतरणारं कोणीच न्हाई, आजी." गाडी गेली. तिचा मागचा लाल दिवा धुक्यात जरा वेळ दिसला, नंतर तोही दिसेना.

तेवढ्यात म्हातारीच्या कनवटीतला फोन वाजायला लागला. तांड्यात रेंज नाही, फाट्यावर येते. रात्रभर अडकलेले मिस्ड कॉल एकामागून एक पडले, सगळे एकाच नंबरचे. मीच तो नंबर लावून दिला.

आजी आणि दिपा आपल्या बोलीत बोलल्या. मला अर्धं कळलं, तेवढं पुरे होतं. दिपाच्या आईला हिवताप भरला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एक पडलं की कोयता मोडला. म्हणून आईच्या जागी दिपा फडात उतरली होती. पलीकडून सपासप आवाज येत होता आणि कोणीतरी तिला हाका मारत होतं. पोर घाईघाईनं बोलली. रुख्मिणीबाई नुसतं हूं हूं करत होती. शेवटी ती काहीतरी दटावून बोलली आणि फोन माझ्याकडे दिला, बंद कसा करायचा ते तिला येत नाही.

"काय म्हणली?"

"रडाया लागली होती. म्हणलं, कोयता हाती असताना रडू नको, बोट जाईल."

तिला तांड्यात परत सोडलं. गायीचं दूध घेतलं. त्या दिवशी चहा झाला नाही. पाण्याचा टोमणाही झाला नाही, आणि तोच मला जास्त लागला.

डेअरीत दूध घातलं. उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. मग घरी जायचं सोडून मी गाडी पुन्हा तांड्याकडे वळवली. मला करमेना. म्हातारी त्या शेणाच्या ढिगांकडे बघत एकटी बसली असेल, हे डोळ्यांपुढून जाईना.

धुकं अजून होतंच. तांड्याच्या अलीकडे इंजिन बंद केलं आणि गाणं ऐकू आलं. पोरींचं गाणं, दरवर्षी या सकाळी रानातून येताना म्हणतात ते. क्षणभर वाटलं, आली दिपा, दुसऱ्या कुठल्या गाडीनं आली. मग गाण्याबरोबर किल्ल्या वाजल्या.

रुख्मिणीबाईच होती. डोक्यावर टोपलं, त्यात तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे, सगळे दवानं ओले. लुगडंही भिजलेलं. एकेका बंद दारापुढे ती बसत होती, फूल खोवत होती, गुडघ्यावर हात देऊन उठत होती. आवाज मध्येच फाटायचा. थांबून खाकरायची आणि तिथूनच पुढे धरायची. मी मोडलेलं गोधनही तिनं पुन्हा थापलं होतं.

"माय," मी म्हणालो, "हे लेकींचं काम ना? तू तर या तांड्याची सून."

"व्हय. पन्नास सालं झाली, या तांड्यात एक फूल लावलं न्हाई मी," ती म्हणाली. "आज लावून राहिले. कोन अडवतं? कुलपं?"

मी चप्पल काढून मागे मागे चालत राहिलो. टोपल्याला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती.

सगळ्यांत शेवटी प्रेमदासचं पत्र्याचं घर. तिथं तिनं टोपल्यात उरलेली सगळी फुलं गोधनावर वाहिली. मग गाणं थांबलं आणि ती रडायला लागली. त्यांच्या बायका सुरात रडतात. तशी ती रडली, मोठ्यानं, तोंडावर पदर घेऊन, नव्या नवरीसारखी. त्या बंद घरांच्या ओळीत तिचं रडणं घुमलं. एका गोधडीतून एक म्हातारा खोकला. बाकी कोणी ऐकायला नव्हतं.

मी असल्या वेळी फार वाईट माणूस. पळून जावंसं वाटतं. पण थांबलो, आणि जवळ जाऊन म्हणालो, "माय, रडू नको. येईल पोरगी, लग्नाला तर इथंच येईल."

तिनं पदर काढला, नाक पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पुन्हा काहीतरी तुडवलं आहे.

"मी कशाला रडू? हे दिपाचं होतं. आज तिनं रडायचं असतं अन् तिला तिथं रडू देत न्हाईत. म्हनून तिच्या वाटचं मी रडून घेतलं."

मग तिनं जुडगा कमरेला खोचून प्रेमदासच्या दाराचं कुलूप एकदा ओढून पाहिलं, पक्कं आहे का ते, आणि चहा ठेवायला गेली.