कल्हई नसलेल्या गावातला नवसागर

सॅम्युअल गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं शाळेच्या दारात सांगितलं. "मास्तर, तुमच्या डागदराला खडीच्या ट्रकनं उडवलं... घाटाखाली." मी धावत गेलो. सॅम्युअल आडवा, अंगावर कुणीतरी टॉवेल टाकलेला. ड्रायव्हर कडेला बसून ओकत होता आणि हातभट्टीचा भपकारा लांबूनच येत होता. हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं, ब्रेक निकामी. मी भडकलो, तर म्हणाला, "मास्तर, दारूबंदी हाय. दारू लिवली, तर ती आली कुठनं, ते आमालाच इचारत्यात." मला शिसारी आली. ती अजून जात नाही.

सॅम्युअल नेवाशाकडचा. नगरला एका खोलीत राहून आम्ही शिकलो. पुढे तो भंडारदऱ्याकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर झाला, मीही त्याच भागात मास्तर. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, असे पुरुष त्याच्याकडे यायचे आणि सगळ्यांचं उत्तर एकच : "म्या न्हाई घेत." एकदा मी त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. आमटी कळकली होती. रूथवहिनी ओशाळून म्हणाल्या, "भांड्यांना कल्हई नाही हो, कल्हईवाला फिरकतच नाही इकडे." सॅम्युअलचा घास हातातच राहिला. मग तो मला ओढतच वाण्याकडे घेऊन गेला. दुकानात नवसागराचं पोतं उघडं होतं. "हे कशाला?" वाणी निर्लज्जपणे हसला, "कल्हईला लागतो की, डागदर!" तो दारूच्या भट्टीत पडतो, हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्यानंतर सॅम्युअल गावोगाव नवसागराचा माग काढत फिरला. वर मागणी केली : या रोग्यांसाठी खाटा द्या, औषधं द्या. एक साहेब पाहणीला आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "डॉक्टर, दारूबंदी असलेल्या तालुक्यात दारूचे रोगी कुठून आणता?" त्यांच्याकडचा दारुड्यांचा आकडा इंग्रजांच्या काळातला! सॅम्युअल उसळून म्हणाला, "देवीचा एक रोगी सापडला, तर दिल्लीला कळतं. घरोघर माणसं फिरतात, म्हणून लस बरोबर तिथे पोचते. दारूसाठी देशभर कुणी असं फिरलंय? मोजायचंच नाही, मग पाठवणार काय, कपाळ?" साहेबांनी बशीतला उरलेला चहा संपवला. खाट एकही आली नाही... आणि आता तो स्वतःही कुठल्या हिशेबात नाही. ब्रेक निकामी!

शोकसभेत त्याच साहेबांनी डोळे पुसले. मी उठून बाहेर आलो. परवा वहिनींना भेटायला गेलो. वाटेत वाण्याच्या दारात नवसागराचं नवं पोतं उतरत होतं. वहिनींनी आग्रहानं जेवायला वाढलं, सॅम्युअलच्याच पाटावर बसवलं. आमटी कळकलेलीच होती. वहिनी समोर बसल्या होत्या, म्हणून मी ती गिळली.