आक्कांची बिडी

बुद्धपौर्णिमेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर वंदना व्हायची. पहिली चार शीलं आक्कांच्या खणखणीत आवाजात ऐकू यायची. पाचवं, नशा न करण्याचं शील आलं, की आक्का पदर सारखा करायच्या नाहीतर खोकायच्या. एकदा मी डोळे वटारले, तर कानाशी लागून म्हणाल्या, "चार पाळते की गं पोरी. पाचव्याचं खोटं कशाला बोलू?"

आक्का बिडी ओढायच्या. मीरा रोडला आमच्या समोरच्याच दारात त्या राहत. मुलगा जवळच्याच हाटकेश भागातल्या एका कारखान्यात फिटर. नवरा गेल्यावर त्या मराठवाड्यातलं गाव सोडून त्याच्याकडे आल्या. लहानपणी रोजानं खुरपायला जाताना बायकांत बसून लागलेली ही सवय. मुलाला शेजारपाजारच्यांची लाज वाटे. त्या म्हणत, "उपाशीपोटी हिनं साथ दिली. आता पोट भरतंय तर हाकलून देऊ व्हय?"

पण हाकलायचा प्रयत्न त्यांनी कितीदा तरी केला. लवंगा चघळल्या, बडीशेप खाल्ली. एका सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या चाचाला बजावून आल्या, "मैं मांगी तो बी देनेका नहीं." संध्याकाळी त्याच्याशीच भांडत होत्या. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "माताजी, आपही ने तो मना किया था!"

"वो सबेरे की बात थी!" आक्का म्हणाल्या आणि बंडल घेऊन आल्या.

नव्वदच्या सुमारास मी पुन्हा ऑफिसला जायला लागले आणि दीड वर्षाच्या पल्लवीला त्यांच्याकडे ठेवू लागले. तिच्यासमोर त्या कधी ओढत नसत, गॅलरीत जात. तरी त्या हिवाळ्यात पोरीची छाती घरघरायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी सिगारेट ओढतं का?" मी नाही म्हणाले, आणि मग आक्का आठवल्या. कपड्यांना लागलेला धूरसुद्धा तिला सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी ते त्यांना सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्यामुळं?" एवढंच विचारलं. मग पल्लवीला माझ्याकडे देऊन त्या मोरीत गेल्या आणि दोरीवरची सगळी लुगडी पुन्हा धुवायला काढली.

बिडीशिवायचे पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"आज नको. आज ओढली म्या."

माझ्या शिल्लक रजा संपत आल्या होत्या. मी चिडले. "आक्का, अहो, आता ऐनवेळी मी काय करू?"

"लपवली असती तर तू लेकरू ठिवून गेली असतीस," त्या म्हणाल्या. "मग गं?"

मी पल्लवीला घेऊन माघारी फिरले.

तो हिवाळा असाच गेला. पर्स घरीच ठेवून मी पल्लवीला कडेवर घेऊन आधी त्यांच्या दाराशी जायचे. कधी "आण हिकडं," कधी "आज नको." सोडलेल्या बिडीनं आक्का चिडचिड्या झाल्या, त्यांची झोप उडाली. "आज नको" हळूहळू कमी होत गेलं. मुलाशी कडाक्याचं भांडण झालं तेव्हा एकदा पुन्हा ऐकू आलं. त्यानंतर नाही. उन्हाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं, की आता बेल वाजवताना मी पर्स खांद्याला लावूनच उभी असते.

डॉक्टरांनी पल्लवीची छाती तपासून "एकदम साफ" म्हटलं, त्या दिवशी मी जिने धावतच चढले. आक्का उंबऱ्यावर मटकन बसल्या, हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या.

पुढे काही वर्षांनी त्यांचा भाऊ आजारी पडला म्हणून त्या गावी परतल्या त्या कायमच्या. त्या निघाल्या तेव्हा माझ्या मनात एकच धास्ती होती. तिथं त्याच बायका, तेच बांध. कोण अडवणार?

त्यांच्या भाचीच्या लग्नाला मी पल्लवीला घेऊन त्या गावी गेले. दुपारची जेवणं झाल्यावर म्हाताऱ्या बायका मांडवाच्या कडेला बसल्या होत्या आणि एक पेटलेली बिडी या हातातून त्या हातात फिरत होती. फिरत फिरत ती आक्कांकडे आली.

"...तर ही आमची पल्लवी," आक्का सांगत होत्या, "एवढीशी होती, रातंदिस नुसती घरघर..." बोलता बोलताच त्यांनी ती बिडी शेजारणीकडे सरकवली आणि पल्लवीचा हात धरून तिला धुराच्या बाजूनं आपल्या पलीकडे ओढून घेतलं. गोष्ट कुठंच तुटली नाही.