पहिल्या कॅसेटवरचा आवाज

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच — कारण गोष्ट तिचीच आहे.

आमच्या औरंगाबादेत एक ऑर्केस्ट्रा होता. स्वतः गाणी बांधायचे, स्वतः गायचे. माझा त्यांच्यावर भारी जीव. चितेगावच्या कारखान्यात मी साधा स्टोअरकीपर, पण चारचौघांत माझा रुबाब काय तो त्यांच्या कॅसेटींमुळं. कुठलं गाणं कुणी गायलं, पेटीवर कोण होतं — मला विचारा! ही बडबड बायको, अनुराधा, लग्नापासून चौदा वर्षं मुकाट ऐकत आली होती. का मुकाट, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही.

मग क्रांती चौकातल्या एका दुकानात, जुन्या मालाच्या ढिगात, त्यांची एक कॅसेट सापडली. मी कधी नावही न ऐकलेली. अगदी पहिली. काय हरखलो होतो म्हणून सांगू! वेष्टनावर गायिकेचं नाव होतं — कु. शकुंतला, मुकुंदवाडी.

लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीनं ‘अनुराधा’ लिहिलं, त्याआधीचं बायकोचं नाव. आवाज तर पहिल्या ओळीलाच ओळखला.

अभिमान वाटायला हवा होता ना? मला राग आला. ज्यांच्या सह्यांसाठी मी ताटकळायचो, त्यांच्यात उभी राहून ही गायली होती — आणि मला पत्ता नाही! त्यात गायलीही सुरेख. खोटं कशाला बोलू, तेच सहन झालं नाही.

ती माहेरी गेली असताना मी टेपरेकॉर्डर काढला. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या खाचांवरच्या टिकल्या मोडलेल्या असतात. त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. दोन्ही बाजू. तिच्या गाण्यांवर पंख्याची घरघर भरली.

आणि एवढ्यावर भागलं का? वर्षभरानं लेकीनं गाण्याच्या क्लासचा हट्ट धरला. तेव्हा ही पहिल्यांदाच बोलली, “मी बी गायले व्हते गं, त्यांच्या पहिल्या कॅसेटीत. लग्न ठरलं तसं तुझ्या आजोबांनी घरातली कॅसेट चुलीत घातली. म्हणले, सासरी बोलायचं नाय.”

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. घरातला जाणकार मीच ना!

“अशी कॅसेटच नाही,” मी म्हणालो. “माझ्याकडं सगळ्या आहेत.”

लेक हसली. हिनं माझ्याकडं पाहिलं. मग “नसंल,” म्हणाली आणि कणीक मळायला गेली. तिला कळलं असेल का? मी विचारलं नाही. भित्रा माणूस आहे मी.

परवा नातीचं बारसं झालं. बायकांनी आग्रह धरला, पाळणा आजीनंच म्हणायचा.

“मला नाय येत गाणं,” ती म्हणाली. “कधीच येत नव्हतं. यांना विचारा.”

सगळ्या माझ्याकडं वळल्या.

“खरं आहे,” मी म्हणालो.