मासळीच्या गाडीवरून गेलेलं मत

लक्षद्वीपातलं आमचं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पाऊण तास लागतो. वाटेत दोन्ही पक्षांच्या माणसांशी बोलावं लागलं, तर दीड. पक्ष दोन, म्हणून चहाच्या टपऱ्याही दोन. चहा दोन्हीकडे सारखाच वाईट. यादीतला एखादा माणूस मत द्यायला आला नाही, तर तो जहाजावर अडकलेला असतो किंवा कबरस्तानात असतो. तिसरं कारण आमच्याकडे ऐकिवात नाही.

अशा या बेटावर माझ्या मुल्लाबी मावशीने मत द्यायचं वय झाल्यापासून एकही मतदान चुकवलं नव्हतं. आणि एकाही मतदानात तिचं मत नवऱ्याच्या मताशी जुळलं नव्हतं. आमच्यात मुलगी लग्नानंतरही आईच्याच घरी राहते. नवरा रात्री जेवायला येतो आणि पहाटे आपल्या आईच्या घरी परत जातो. त्यामुळे मावशीचं नाव दक्षिणेच्या यादीत, चेरियकोया काकांचं उत्तरेच्या. पक्षही तसेच, ज्याच्या त्याच्या आईच्या घरचे. सेहेचाळीस वर्षं दोघं एका हंडीतला भात खात आली आणि दर निवडणुकीला एकमेकांचं मतही. मावशी म्हणायची, मी नसते तर या माणसाने एकट्याने त्यांचं सरकार आणलं असतं.

यंदा मतदानाला तीन आठवडे उरले असताना ती विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात. मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना काकांनी तह मांडला : तू जाऊ नकोस, मीही जात नाही. दोन्हीकडचं एकेक कमी, निकाल तोच. त्यात माया किती आणि राजकारण किती, हे मला अजून कळलेलं नाही. पाय ठणकत होता, मावशी हो म्हणाली. अट एकच. तुमचा भरवसा नाही, तेव्हा दिवसभर इथे, माझ्या डोळ्यांसमोर बसायचं.

भर दिवसा नवरा बायकोच्या घरी! एक शेजारीण सकाळपासून तीनदा मीठ मागायला आली. काका भिंतीकडे तोंड करून आठवड्यापूर्वीचा पेपर पुन्हापुन्हा वाचत बसले. आमच्या पक्षाचा नल्लकोया अकराला डोकावून गेला, एकला गेला, आणि तीनला येऊन म्हणाला की बेटावर हजर असलेल्यांपैकी दक्षिणेच्या यादीत आता एकच नाव राहिलंय. कुणाचं ते त्याने सांगितलं नाही. प्लास्टरकडे बघितलं आणि गेला.

मावशी बराच वेळ आपल्या कोऱ्या बोटाकडे बघत होती.

"बेटावरच्या पहिल्या मतदानाला उम्मा मला घेऊन गेली होती," ती आपल्या आईबद्दल म्हणाली. "भर उन्हात रांग. मी विचारलं, उम्मा, कोण निवडून येणार? म्हणाली, ते मागाहून कळेल. आज मी आलेय, हे आधी कळू दे."

काकांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे तह मोडतेस?"

"मोडते. तुम्हीही जाऊन मोडा."

काका उठले आणि बाहेर पडले. ते थेट उत्तरेच्या केंद्रावर गेले असणार, असं माझ्या मनात आलं. मावशीच्याही आलं असावं, कारण ती घड्याळाकडे बघायला लागली. आमच्या बोळात रिक्षा शिरत नाही.

वीस मिनिटांनी दाराशी चाकं करकरली. काकांनी आपली कुपा मासे वाहायची हातगाडी धुऊन आणली होती, वर स्वच्छ गोणपाट. पुढच्या दांडीला त्यांच्या पक्षाचा झेंडा.

"आधी तो काढा," मावशी म्हणाली.

"महिनाभर तिथेच आहे तो."

"मग मीही इथेच आहे."

काकांनी झेंडा सोडवला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. मग ठेवणीतली ओढणी घेतलेली मावशी मासळीच्या वासात ऐटीत बसून निघाली. मी पुढून ओढत होतो, काका मागून ढकलत होते. टपऱ्यांतली माणसं चहा टाकून बाहेर आली. काकांच्याच पक्षाच्या एकाने टोमणा मारला, "काय चेरियकोया, आज कुणाचा माल वाहताय?"

"आपल्याविरुद्धचं एक मत आहे," काका न थांबता म्हणाले. "वाट सोडा."

त्याने सोडली. केंद्राबाहेरच्या चुन्याच्या रेघेच्या आत पक्षाचं काही चालत नाही; तिथे नल्लकोया हातातली यादी विसरून बघत राहिला. मावशी बोट वर धरूनच केंद्राबाहेर आली. मी गाडी घराकडे वळवायला लागलो, तर म्हणाली, "उत्तरेला घे. यांचं बोट बघितल्याशिवाय मी घरी यायची नाही." मग मागे वळून काकांना म्हणाली, "आणि तो झेंडा लावा आता. गाडी तुमची आहे."

काकांनी लावला, उत्तरेच्या चुन्याच्या रेघेपर्यंत. सहाला दहा कमी असताना ते बोट दाखवत बाहेर आले. मावशीने ते हातात धरून उलटसुलट तपासलं.

त्या दिवशी दोन्ही याद्यांत बेटावरचं एकही नाव बाकी राहिलं नाही. कोण निवडून आलं, ते मागाहून कळलं.

मावशीला ओसरीवर उतरवून काका गाडी घेऊन वळले. मी म्हटलं, आता आलाच आहात तर बसा, जेवूनच जा.

"अजून उजेड आहे," काका म्हणाले. "बरं दिसत नाही."